विश्लेषण : सायकलचे गिअर एकाच कंपनीचे का घ्यावे लागतात? टुलिओ कॅम्पान्योलो यांनी काय बदलले?

जुनी रोड सायकल नव्याने बांधायला घेतली की फ्रेमचा रंग आणि हँडलची टेप यांचा निर्णय लगेच होतो. गाडी अडते ती चेनपाशी. क्रँक, पुढची-मागची दातेरी चक्रे, चेन, डिरेल्युअर आणि गिअरची खटकी यांतले कुठले कुणाशी जुळेल, हे ठरवताना भलेभले गोंधळतात. या गुंत्यात आणि तो सोडवण्याच्या पद्धतीतही एका इटालियन माणसाचा मोठा वाटा आहे.

कोण होते कॅम्पान्योलो?

टुलिओ कॅम्पान्योलो यांचा जन्म १९०१ मध्ये इटलीतील विचेन्झा शहरात झाला. वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. टुलिओ हौशी शर्यतपटू होते, पण नाव झाले ते शर्यतीमुळे नाही. १९२०च्या दशकात शर्यतीच्या सायकलला मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक दातेरी चक्र असे. चढ आला की उतरायचे, पाकळीचे नट सैल करायचे, चाक काढून उलटे बसवायचे, चेन ताणायची आणि पुन्हा निघायचे.

क्रोचे दाउने या डोंगरखिंडीत बर्फ पडत असताना गारठलेल्या बोटांनी टुलिओंना हे नट सुटेनात आणि शर्यत हातची गेली, अशी कथा सांगितली जाते. कुणी ती १९२४ ची सांगतात, कुणी १९२७ ची. काही इतिहासकारांना तर ती शर्यत आणि तो प्रसंग दोन्हींबद्दल शंका आहे. खिंडीत त्यांचे स्मारक मात्र उभे आहे. कथा बाजूला ठेवली तरी क्विक रिलीज हे साधन उरतेच. पोकळ अ‍ॅक्सलमधून जाणारी बारीक सळई आणि टोकाला एक दांडी. दांडी उलटवली की चाक पाना न लावता मोकळे होते. आज साध्या सायकलींवरही ते दिसते.

गिअरला शर्यतीत विरोध का होता?

टुलिओंनी १९३३ मध्ये विचेन्झातच कंपनी सुरू केली, तेव्हा सर्वांत मोठ्या शर्यतीत डिरेल्युअरला बंदी होती. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते गिअर ही उतारवयातील लोकांची सोय होती. तरुणाने पायाच्या जोरावर चढावे. १९३७ मध्ये बंदी उठली.

टुलिओंचे पहिले गिअरयंत्र, काम्बियो कोर्सा, आज पाहिले तर अंगावर काटा येतो. उजव्या बाजूला सीटखालच्या नळीवर दोन दांड्या. एक दांडी चाक सैल करायची, दुसरी चेन ढकलायची आणि त्याच वेळी पाय उलटे फिरवायचे. हे सगळे चालत्या सायकलवर, हात मागे नेऊन! जिनो बार्ताली यांनी १९४८ ची टूर याच यंत्रावर जिंकली. फाउस्तो कोप्पी यांनी १९५० ची पॅरिस-रुबे शर्यत त्याच्या एकदांडी आवृत्तीवर जिंकली.

मग आजचा डिरेल्युअर कुठून आला?

१९४९ मध्ये टुलिओंनी मिलानच्या प्रदर्शनात ग्रान स्पोर्ट मांडला. केबल ओढली की समांतरभुज चौकोनासारखी चौकट सरकते आणि चेनला शेजारच्या चक्रावर नेते. ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. फ्रान्समधील निव्हेक्स या यंत्रात ती दशकभर आधी होती. पण शर्यतीत टिकेल असे रूप टुलिओंनी दिले आणि जवळपास सगळ्यांनी तोच मार्ग धरला. पुढे रेकॉर्ड, १९६७ मध्ये न्युओवो रेकॉर्ड आणि मग सुपर रेकॉर्ड आले.

हब, क्रँक, डिरेल्युअर आणि १९६८ पासून ब्रेकही एकाच घरचे, एकमेकांशी जुळणारे. भाग संचाने घेण्याची सवय अशी रुजली. तरी त्या काळच्या पूर्ण कॅम्पान्योलो सायकलवर चेन आणि फ्रीव्हील बहुधा रेजिना या दुसऱ्या इटालियन कंपनीचे असे. टुलिओंनी मोटारींसाठी मॅग्नेशियमची चाके ओतली, बाटलीचे बूच काढायचे यंत्रसुद्धा बनवले. गडी स्वस्थ बसणारा नव्हता.

त्या काळची सायकल आज बांधताना अडचण कुठे येते?

सर्वांत आधी फ्रेममध्ये. क्रँकची धुरा बसते त्या नळीचे आटे इटालियन फ्रेममध्ये ३६ मिलिमीटरचे, ब्रिटिश धाटणीत सुमारे ३५. इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजूंचे आटे उजवे असल्याने उजवी वाटी चालता चालता सैल होऊ शकते. ती घट्ट आवळावी लागते. धुरेची चौकोनी निमुळती टोके जपानी आणि युरोपीय मापांत किंचित वेगळी. चुकीची जोडी केली तर क्रँक कमी-जास्त आत बसतो आणि चेनची रेषा बिघडते.

दुसरी गोष्ट मागच्या हबची रुंदी. पाच चक्रांच्या काळात ती १२० मिमी होती, सहा-सातला १२६, आठपासून पुढे १३०. पोलादी फ्रेम जाणकाराकडून थोडी फाकवून घेता येते. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग अजिबात करू नये.

तिसरी गोष्ट पायांची. न्युओवो रेकॉर्डच्या क्रँकवर ४१ दात्यांपेक्षा लहान चक्र बसत नाही. पुढे ४२ आणि मागे २६ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ३.४ मीटर जाते. आजच्या कॉम्पॅक्ट संचात दोन्हीकडे ३४ दाते घेतले तर २.१ मीटर. घाटात हा फरक गुडघ्यांना कळतो. जुना क्रँक शोभतो खरा, पण चढ असलेल्या रस्त्यावर रोज चालवायची असेल तर तो सोडलेला बरा.

खटकी जुन्या घर्षणाच्या प्रकारची ठेवली तर एक सूट मिळते. तिला टप्पे नसतात, चेन कानाने आणि हाताने बसवायची. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग बहुतेक वेळा एकत्र नांदतात. टप्प्याची खटकी घेतली की ही सूट संपते. एका टप्प्याला किती केबल ओढायची आणि त्यात डिरेल्युअर किती सरकायचा, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे.

टुलिओंची कंपनी मागे का पडली?

जपानच्या सनटूरने १९६४ मध्येच ती चौकट तिरकी केली होती. त्यामुळे डिरेल्युअर चक्रांच्या जवळून सरके आणि गिअर नेमका पडे. विचेन्झात मात्र जुनी रचना अधिकाधिक हलकी आणि देखणी होत राहिली. टुलिओ १९८३ मध्ये, कंपनीच्या पन्नासाव्या वर्षी, वारले आणि सूत्रे मुलगा व्हालेन्तिनो यांच्याकडे गेली. पुढच्याच वर्षी शिमानोने तिरकी चौकट आणि टप्प्याची खटकी एकत्र आणली. कॅम्पान्योलोचे पहिले उत्तर फसले. जम बसला तो १९९२ मध्ये, ब्रेकच्या दांडीतच गिअर असलेल्या एर्गोपॉवरने. त्याचे केबलचे माप शिमानोहून वेगळे आणि मागच्या चक्रांचा संच बसतो ते खाचांचे नळकांडेही वेगळे. म्हणून आज सायकल बांधताना कॅम्पान्योलोची खटकी निवडणाऱ्याने मागचे चाक घेताना हबवरच्या खाचा आधी तपासाव्यात.