वादिम सिदूर

वादिम अब्रामोविच सिदूर (२८ जून १९२४ – २६ जून १९८६) हे सोव्हिएत काळातील रशियन शिल्पकार, चित्रकार आणि कवी होते. समाजवादी वास्तववादाच्या सरकारमान्य चौकटीबाहेर राहून काम करणाऱ्या कलावंतांमध्ये त्यांची गणना होते. युद्ध, हिंसा आणि मानवी देहाची सोसण्याची मर्यादा हे त्यांच्या कलेचे मुख्य विषय होत.

जीवन

सिदूर यांचा जन्म येकातेरिनोस्लाव (आताचे युक्रेनमधील द्निप्रो) येथे झाला. त्यांचे वडील ज्यू, तर आई रशियन होती. दुसऱ्या महायुद्धात ते मशीनगन पलटणीचे अधिकारी म्हणून आघाडीवर गेले. १९४४ मध्ये जर्मन नेमबाजाच्या गोळीने त्यांच्या जबड्याचा चुराडा झाला. त्यांच्या वयाला तेव्हा वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. चेहऱ्यावरील व्रण झाकण्यासाठी राखलेली दाढी पुढे त्यांची ओळख बनली. रुग्णालयात त्यांनी चेहरे गमावलेले अनेक सैनिक पाहिले. १९६३ मधील ‘जखमी’ या शिल्पातील पट्ट्यांनी पूर्ण गुंडाळलेले मस्तक त्या अनुभवाशी थेट जोडलेले दिसते.

युद्धानंतर मॉस्कोच्या स्त्रोगानोव्ह कलाविद्यालयात शिकत असताना व्लादिमीर लेम्पोर्ट आणि निकोलाय सिलिस यांच्याशी त्यांचे सूर जुळले. या तिघांनी अनेक वर्षे एकत्र काम केले. १९६१ मध्ये सिदूर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांच्या कलेतील प्रसन्नता ओसरली व आकृत्या अधिक संक्षिप्त, कठोर होत गेल्या. कालांतराने हा गटही फुटला.

कोम्सोमोल्स्की प्रॉस्पेक्ट या रस्त्यावरील एका इमारतीचे तळघर ही त्यांची कार्यशाळा होती. पुस्तकांसाठी चित्रे काढून आणि थडग्यांवरील स्मारके घडवून ते चरितार्थ चालवीत. मायदेशात त्यांच्या हयातीत झालेले एकमेव प्रदर्शन १९६८ मध्ये मॉस्कोतील लेखकभवनात, तेही एका दिवसापुरते भरले. त्यामुळे शेकडो शिल्पे तळघरातच साठत गेली.

कार्य

‘त्रेब्लिंका’ (१९६६) या शिल्पात एकमेकांवर रचलेले मृतदेह आहेत. छळछावणीचा अन्य कोणताही तपशील त्यात नाही, आणि त्याची गरजही भासत नाही. पुढील काळात सिदूर यांनी भंगारात टाकलेले सांडपाण्याचे नळ, यंत्रांचे भाग व फावडी यांपासून मानवाकृती तयार केल्या. त्यांतील काही शवपेट्यांत ठेवलेल्या असत. या प्रकाराला त्यांनी ‘ग्रोब-आर्ट’, म्हणजे शवपेटी-कला, असे नाव दिले. याखेरीज त्यांनी लिनोकट, रेखाटने, कविता व आत्मपर गद्य असे विपुल काम केले आणि ‘वर्तमान स्थितीचे स्मारक’ नावाचा चित्रपटही काढला.

देशात दारे बंद असताना पश्चिम जर्मनीत मात्र त्यांची शिल्पे चौकांत उभी राहिली. यामागे स्लाव्ह भाषांचे अभ्यासक कार्ल आयमरमाखर यांचे प्रयत्न होते. १९७४ मध्ये कासेल येथे हिंसाचारात बळी पडलेल्यांचे स्मारक, तर १९७९ मध्ये पश्चिम बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात न्यायालयासमोर ‘त्रेब्लिंका’ उभारण्यात आले.

मृत्यूनंतर

१९८९ मध्ये मॉस्कोच्या पेरोवो भागात सिदूर संग्रहालय सुरू झाले. अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सोव्हिएत सैनिकांचे स्मारक म्हणून त्याच्याजवळ त्यांचे ‘दफनाविना राहिलेल्यांना’ हे शिल्प १९९२ मध्ये बसवले गेले. ऑगस्ट २०१५ मध्ये मॉस्कोतील मानेझ सभागृहातील प्रदर्शनात त्यांच्या काही कलाकृतींची कट्टर ऑर्थोडॉक्स कार्यकर्त्यांनी धर्मनिंदेचा आरोप करून नासधूस केली. त्यांत ख्रिस्ताच्या चित्रणाचे लिनोकट होते.