लिटल सॉडबरीच्या वाड्यातील शिक्षक

इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उतारावर लिटल सॉडबरी नावाचे चिमुकले खेडे आहे. वरच्या अंगास प्राचीन गढीचे मातीचे तट आणि खाली जहागीरदाराचा जुना दगडी वाडा. सोळाव्या शतकात ही जहागीर सर जॉन वॉल्श यांच्याकडे होती. १५२२ च्या सुमारास त्यांच्या मुलांना शिकविण्यासाठी ऑक्सफर्डचे एक तरुण पदवीधर तेथे राहावयास आले. त्यांचे नाव विल्यम टिंडेल.

वॉल्श यांच्या पंक्तीला आसपासचे मठाधिपती व धर्मगुरू वरचेवर येत. धर्माच्या गोष्टी निघत, आणि टिंडेल पवित्र शास्त्र उघडून त्यांच्या चुका दाखवीत. लेडी वॉल्श यांनी त्यांना एकदा विचारले की, वर्षाला शेकडो पौंड मिळविणाऱ्या या विद्वानांना सोडून आम्ही तुमच्यावर का विश्वास ठेवावा? गरीब शिक्षक त्या वेळी गप्प राहिले. पुढे त्यांनी इरॅस्मस यांचे ख्रिस्ती योद्ध्याविषयीचे लॅटिन पुस्तक इंग्रजीत उतरवून यजमानांच्या हाती ठेवले. ते वाचल्यावर धर्मगुरूंना जाणारी आमंत्रणे कमी झाली.

मग टिंडेल यांच्यावर पाखंडाचा आरोप आला. बिशपच्या अधिकाऱ्याने त्यांना बोलावून दटावले. नांगर धरणाऱ्या पोरालाही शास्त्र कळले पाहिजे, हा त्यांचा निश्चय याच दिवसांतला. परंतु बिशपच्या परवानगीवाचून इंग्रजी भाषांतरास बंदी होती. १५२३ मध्ये ते लंडनला गेले. तेथील बिशपने आश्रय दिला नाही. पुढील वर्षी त्यांनी मायदेश सोडला. १५२६ मध्ये जर्मनीतील वर्म्स येथे त्यांचा इंग्रजी नवा करार छापून झाला व चोरून इंग्लंडात पोहोचला.

मे १५३५ मध्ये एका कपटी मित्रामुळे ते अँटवर्प येथे पकडले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजा आठवा हेन्री लिटल सॉडबरीच्या वाड्यात पाहुणा म्हणून उतरला. त्या वाड्याचे जुने शिक्षक तेव्हा ब्रुसेल्सजवळच्या व्हिलव्होर्डच्या तुरुंगात होते. ऑक्टोबर १५३६ मध्ये त्यांना गळा आवळून मारण्यात आले व देह जाळण्यात आला. पुढे १५३९ मध्ये राजाच्याच अधिकाराने चर्चसाठी मोठे इंग्रजी बायबल छापले गेले. त्यातील नवा करार बहुतांशी टिंडेल यांच्याच शब्दांत होता. त्यांचे नाव मात्र त्यात नव्हते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकबंधुभगिनींनो, लेडी वॉल्श यांचा प्रश्न आपल्यालाही कधी ना कधी ऐकावा लागतो. आपल्याकडे ना पद, ना पैसा. आम्हांस वाटते, अशा वेळी वाद वाढवू नये. टिंडेल यांच्याप्रमाणे वचन समजेल अशा भाषेत समोरच्याच्या हाती द्यावे. पुढचे काम प्रभू करतो.