असन्निधानातील आचार्य : श्रीनागदेवाचार्य

ईश्वराच्या सन्निधानात राहून धर्म आचरणे हे परम भाग्याचे असते. तेथे साधकाला शंका आली तर विचारता येते, पाऊल चुकले तर तत्काळ सावरले जाते. खरी कसोटी लागते ती असन्निधानात. विचारावयाचे कोणाला, हा प्रश्न ज्याच्या स्वतःच्या मनात आहे, त्याच्याकडेच जेव्हा इतर सारे उत्तरासाठी पाहू लागतात, तेव्हा त्या पुरुषाने काय करावे? आपल्या मार्गाचे आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, यांचे चरित्र हे या प्रश्नाचे आचरणातून दिलेले उत्तर होय. जिज्ञासू वाचकांनी ते केवळ पूर्वजांचे स्तवन म्हणून न वाचता आचारप्रकरणावरील भाष्य म्हणून वाचावे, अशी विनंती आहे.

भटोबासांचा जन्म सुमारे शके ११५८ (इ. स. १२३६) चा मानला जातो. त्यांचे पूर्ववय निर्मळ होते असे आपले ग्रंथ सांगत नाहीत. वाट चुकलेला एक तरुण सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या दर्शनाने वेधला गेला आणि पालटला, एवढे ते स्पष्ट सांगतात. आपल्या आचार्यांचे उणे पूर्वायुष्य न झाकणारी ही परंपरा धन्य होय. जो स्वतः उचलून घेतला गेला आहे, त्यालाच पडलेल्याला उचलण्याचे मर्म कळते. पुढे आचार्यपदी बसल्यावरही भटोबासांच्या ठायी दुर्बळ साधकाविषयी जी करुणा दिसते, तिचे मूळ येथे आहे.

शके ११९६ (इ. स. १२७४) मध्ये स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले, असे परंपरा मानते. त्या वियोगाचे दुःख सर्वांनाच झाले. परंतु भटोबासांचे दुःख इतके अनावर होते की देहाची शुद्धही त्यांना राहिली नाही. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. भटोबासांनी आपला शोक लपविला नाही. धैर्य म्हणजे शोक नसणे नव्हे. शोक असतानाही आज्ञा न सोडणे हे धैर्य. श्रीप्रभूंच्या सेवेसाठी ऋद्धिपुरास जावे, ही स्वामींची आज्ञा होती. ती आज्ञा धरून भटोबास आणि इतर भक्तजन ऋद्धिपुरी आले आणि श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात त्यांनी सुमारे एक तप घालविले. ज्याच्याकडे लोक पुढारी म्हणून पाहत होते, तो तेथे सेवक होऊन राहिला. आचार्यपदाची सिद्धता सेवेत झाली, हे विसरता कामा नये.

याच ऋद्धिपुरात त्या शोकाला फळ आले. भटोबास स्वामींच्या लीळा अखंड आठवीत बसत. म्हाइंभट हे सराळ्याचे विद्वान, एके काळी विद्येचा मोठा अभिमान बाळगणारे. भटोबास कोणत्या चिंतनात मग्न असतात, हे त्यांनी विचारले आणि उत्तर ऐकून त्या लीळा लिहून ठेवण्याची इच्छा प्रकट केली. भटोबासांनी आपल्या आठवणी तर सांगितल्याच, पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या भक्ताने जी लीळा प्रत्यक्ष अनुभवली, त्याच्याकडे जाऊन ती विचारावी, अशी दिशा त्यांनी दिली. म्हाइंभट गावोगाव हिंडले आणि वाजेश्वरीत लीळाचरित्र सिद्ध झाले. स्वतःचा शोक स्वतःपाशी न ठेवता त्यातून दुसऱ्याच्या हाताला काम देणे, आणि त्या कामाचे श्रेय त्याच्याच नावे राहू देणे, यात भटोबासांचे आचार्यत्व प्रथम प्रकटले. आज मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच्या मुळाशी हे उत्तेजन आहे.

महदाइसा ही भटोबासांची चुलत बहीण. तिची जिज्ञासा मोठी. एकेका वचनाचा अर्थ उलगडेपर्यंत ती विचारीत राही. श्रीप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्ताने तिने धवळे रचले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. त्या काळी स्त्रीच्या प्रश्नाला धर्मसभेत स्थान नसे. भटोबासांच्या परिवारात ते होते.

श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर दुसरा वियोग आला. आता वर पाहावे असे कोणी उरले नाही. परिवाराला घेऊन भटोबास गोदातीरी आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी मार्गाच्या सांभाळात वेचले. केशिराज, पंडित दामोदर यांच्यासारखे शास्त्रसंपन्न पुरुष आता त्यांना अनुसरलेले होते. विद्येने हे पुरुष भटोबासांहून वरचढ होते, हे मान्य करण्यात आचार्यांचा उणेपणा नाही. हे विद्वान संस्कृतात प्रश्न करू लागले, तेव्हा आपल्याला स्वामींनी मराठीतच निरूपण केले आहे, तेव्हा मराठीतच विचारावे, असे भटोबासांनी सरळ सांगितले. केशिराजांनी संस्कृतात स्तोत्ररचना केली होती आणि तशीच आणखी करण्याचा त्यांचा मानस होता. त्या वेळी भटोबासांनी त्यांना थांबविले. कारण असे की, त्यामुळे स्वामींच्या परिवारातील साधी माणसे वंचित राहिली असती.

या निषेधाचा भाव नीट पाहावा. तो संस्कृताचा द्वेष नव्हे, विद्वानाचा अवमानही नव्हे. परिवारात सर्वांत मागे जो चालतो, त्याच्या पावलाला धरून सर्वांची चाल ठरवावी, हा त्यातील न्याय होय. आणि ज्याला थांबविले, त्याला मोकळे सोडले नाही. ज्या केशिराजांना संस्कृत रचनेपासून वळविले, त्यांनीच स्वामींची वचने लीळांतून निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. शिष्याच्या शक्तीला बांध घालावयाचा तर तिला पाटही काढून द्यावा लागतो; नुसता बांध घातला तर पाणी कुजते.

शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. यादवांचे राज्य डळमळू लागले. त्या काळातही आचार्यांजवळ ना सैन्य होते ना राजाश्रय. भिक्षा, अटन, विजन आणि स्मरण एवढेच त्यांचे बळ. राज्य गेले, दुर्ग पडले. अन्नही मागून घेणाऱ्यांचा हा मार्ग मात्र राहिला. आचार्यांमागून बाइदेवबासांनी धुरा घेतली, आणि ती घेण्यास योग्य पुरुष सिद्ध असणे, हेच भटोबासांच्या कार्याचे प्रमाण होय.

आज आपल्यापैकी कित्येकांकडे लहानमोठे पुढारपण येते. कोणाकडे आश्रम असतो, कोणाकडे चार वासनिकांची घरे. पुढारी स्वतःच थकला, खचला, तर त्याने काय करावे? भटोबासांचे चरित्र सांगते की, शोक आला तर तो होऊ द्यावा, पण आज्ञा सोडू नये. आपल्याहून ज्ञानी असेल त्याला काम द्यावे. आणि निर्णयाच्या वेळी सर्वांत दुबळ्या साधकाचे मुख आठवावे. एवढे साधले तर असन्निधानातही सन्निधानाचा धर्म घडतो.

दंडवत प्रणाम.