आजाराआधी व्यवसाय विचारणारा वैद्य

दगडावर छिन्नीचा घाव पडला की कपची उडते आणि तिच्याबरोबर धूळही उडते. कपची दिसते, म्हणून पाथरवट डोळे मिटून घेतो. धूळ मात्र नकळत श्वासावाटे आत जाते आणि तिचा हिशेब दहा-वीस वर्षांनी चुकवावा लागतो. पाथरवटांच्या दम्याचा आणि खोकल्याचा संबंध त्यांच्या कामाशी आहे, हे तीनशे वर्षांपूर्वी ग्रंथरूपाने वैद्यकविश्वापुढे मांडणारे इटालियन वैद्य म्हणजे बर्नार्डिनो रामाझिनी. व्यवसायजन्य रोगशास्त्राचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते.

रामाझिनी यांचा जन्म १६३३ मध्ये उत्तर इटलीतील कार्पी या छोट्या गावी झाला. पार्मा येथे त्यांनी तत्त्वज्ञान आणि वैद्यकाचे शिक्षण घेतले. १६५९ मध्ये पदवी मिळाल्यावर रोमजवळच्या ग्रामीण भागात त्यांनी व्यवसाय सुरू केला. परंतु हिवतापाने गाठल्याने त्यांना गावी परतावे लागले. १६७१ मध्ये ते मोदेना शहरात स्थायिक झाले आणि १६८२ मध्ये तेथील विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक झाले.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग घरातच घडला. मैलाकुंड उपसणारा एक कामगार जिवाच्या आकांताने घाई करीत असल्याचे त्यांनी पाहिले. कारण विचारता, या कामात चार तासांहून अधिक काळ राहिल्यास डोळे जातात, असे त्याने सांगितले. त्याचे लालभडक डोळे त्यांनी तपासले. पुढे याच कामाने अंध होऊन शहरात भीक मागणारी माणसेही त्यांच्या पाहण्यात आली. कारागिरांच्या दुखण्यांचा शोध तेथून सुरू झाला. ज्या कारखान्यांकडे प्रतिष्ठित वैद्य फिरकतही नसत, तेथे जाऊन ते कारागिरांना बोलते करू लागले.

या भटकंतीचे फलित म्हणजे १७०० मध्ये प्रसिद्ध झालेला, कारागिरांच्या रोगांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ. कुंभार, काचकाम करणारे, धोबी अशा सुमारे ४० व्यवसायांचा परामर्श त्यात होता. पाथरवटांवरील प्रकरणात त्यांनी लिहिले, की संगमरवर घडवताना उडणारे टोकदार कण श्वासाबरोबर आत जातात आणि त्यातून खोकला, दमा व क्षय जडतो. डच वैद्य डिमरब्रूक यांची निरीक्षणेही त्यांनी नोंदवली. दम्याने मेलेल्या पाथरवटांच्या फुफ्फुसांत वाळूचे ढीग सापडले होते. ही धूळ इतकी सूक्ष्म असते, की कारखान्यात टांगलेल्या बैलाच्या मूत्राशयातही ती शिरते आणि वर्षभरात मूठभर साचते, असे एका कारागिराने डिमरब्रूक यांना सांगितले होते.

याच ग्रंथात त्यांनी वैद्यांना एक धडा दिला. गरिबाच्या घरी गेल्यावर साध्या स्टुलावर बसावे, सावकाश चौकशी करावी आणि हिप्पोक्रॅटिसने सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एकाची भर घालावी. तो प्रश्न म्हणजे, रुग्ण काय काम करतो?

१७०० मध्येच पादुआच्या प्रतिष्ठित विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. दृष्टी अधू होत असतानाही त्यांनी अध्यापन सोडले नाही. १७१३ मध्ये नवीन १२ प्रकरणांसह ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १७१४ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी पादुआ येथे त्यांचे निधन झाले.

रामाझिनी यांना रोगाचे मूळ दिसले, पण त्यावरचा उपाय त्यांच्या हाती नव्हता. धूळ शक्यतो आत जाऊ देऊ नये, एवढाच सल्ला ते पाथरवटांना देऊ शकले. म्हणजे सांभाळण्याचा सारा भार कारागिरावरच राहिला. संगमरवरापेक्षा ग्रॅनाइट आणि वालुकाश्म अधिक घातक का, हेही त्या काळी अज्ञात होते. या दगडांत सिलिका विपुल असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचून तेथे व्रण निर्माण करतात. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही; फक्त टाळता येतो.

टाळण्याची जबाबदारी कारखान्याकडे जाण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे आल्यावर धूळ कैक पटींनी वाढली. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात बॅरे येथील ग्रॅनाइट कारखान्यांत १९३०च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक हत्यारापाशी धूळ खेचणारे नळ बसवले गेले आणि नव्या कामगारांतील सिलिकोसिस झपाट्याने घटला. कापताना पाण्याची धार सोडणे आणि उडाल्या जागीच धूळ शोषून घेणे, हे आजही मुख्य उपाय आहेत. तोंडावरच्या फडक्याने हे बारीक कण अडत नाहीत. गुजरातेतील खंभात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांसाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अशीच शोषणयंत्रणा तयार केली. सिलिकायुक्त कृत्रिम दगडाच्या ओट्यांमुळे तरुण कारागीर दगावू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली.

भारतात मात्र सिलिकोसिसचा रुग्ण अनेकदा क्षयाचा समजला जातो. वर्षानुवर्षे क्षयाच्या गोळ्या खाऊनही दम कमी होत नाही आणि योग्य निदानाअभावी भरपाईचा हक्कही हातचा जातो. छातीच्या चित्रात दोन्ही रोगांची गल्लत होऊ शकते. ती टाळण्याची पहिली पायरी म्हणजे रामाझिनी यांनी ३०० वर्षांपूर्वी शिकवलेला तो साधा प्रश्न.