एमिल बर्लिनर

एमिल बर्लिनर (२० मे १८५१ – ३ ऑगस्ट १९२९) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकी संशोधक होते. सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

हॅनोव्हर येथील ज्यू कुटुंबात जन्मलेले बर्लिनर १८७० साली अमेरिकेस गेले. दुकानात नोकरी करीत त्यांनी ध्वनी व विद्युत यांचा अभ्यास केला. १८७७ मध्ये त्यांनी दूरध्वनीसाठी सैल स्पर्शाचा मायक्रोफोन तयार केला. आवाजाने पडदा कंप पावला की स्पर्शबिंदूवरील दाब बदले आणि विद्युतप्रवाह कमी-अधिक होई. बेल कंपनीने याचे हक्क विकत घेतले. मात्र १९०१ मध्ये न्यायालयाने हे पेटंट रद्द ठरविले.

एडिसन यांच्या फोनोग्राफच्या नळकांड्यांच्या प्रती काढणे त्या काळी फार जिकिरीचे होते. बर्लिनर यांच्या ग्रामोफोनने (पेटंट १८८७) ही अडचण दूर केली. जस्ताच्या तबकडीवरील मेणाच्या पातळ लेपात सुई नागमोडी रेघ ओढी, आम्लाने ती धातूत कोरली जाई आणि तिच्यावरून घेतलेल्या साच्याने हव्या तितक्या तबकड्या दाबता येत. ध्वनिमुद्रण घरोघरी पोहोचले ते खरे यामुळेच. तरीही व्यावसायिक वादातून १९०० साली अमेरिकेत ग्रामोफोन विकण्यास खुद्द त्यांनाच मनाई झाली. त्यांनी कारभार कॅनडातील माँट्रियल येथे हलविला.

त्यांचे पूर्वीचे सहकारी फ्रेड गेसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्ता येथे गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेही कर्ण्यासमोर. मायक्रोफोनवरून मुद्रित केलेल्या तबकड्या बाजारात रुळू लागल्या त्या १९२५ पासून. तोवर बर्लिनर यांच्या मायक्रोफोनला ४८ वर्षे झाली होती. चार वर्षांनी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.