ब्रोन्याची धाकटी बहीण : मादाम मेरी क्युरी

वसतिगृहात राहून शिकलेल्या पिढ्यांच्या या स्मरणिकेत एका परदेशी शास्त्रज्ञ स्त्रीचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. मादाम क्युरी यांचे नाव आपण शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून ऐकत आलो आहोत. रेडियमचा शोध आणि दोन नोबेल पारितोषिके, एवढे पाठ करून आपण पुढे जातो. परंतु त्या शोधामागे एक घर होते. त्या घरात एक वृद्ध सासरे होते, दूर एक थोरली बहीण होती, दोन मुली होत्या. आपल्या मुलींनी विज्ञानात पुढे जावे असे आपण सारेच व्यासपीठावरून म्हणतो. लग्नानंतर त्यांच्या प्रयोगशाळेचे काय होते, याविषयी मात्र गप्प असतो. म्हणून शोधाहून त्या घराविषयी येथे अधिक लिहावे, असे आम्हांस वाटले.

मारिया स्क्लोडोव्स्का हिचा जन्म 7 नोव्हेंबर 1867 रोजी वॉर्सा येथे झाला. पाच भावंडांत ती शेंडेफळ. पोलंड तेव्हा रशियन झारच्या टाचेखाली होता. वडील गणित व भौतिकशास्त्र शिकवीत. आई मुलींच्या एका निवासी शाळेची मुख्याध्यापिका होती. पुढे वडिलांची बढतीची नोकरी गेली आणि घर चालविण्यासाठी त्यांनी विद्यार्थी घरातच ठेवून घेतले. त्या गर्दीत टायफसचा ताप शिरला व थोरली मुलगी झोफिया दगावली. 1878 मध्ये आई क्षयाने गेली; मारिया दहा वर्षांची होती. 1883 मध्ये सुवर्णपदक मिळवून तिने शाळा संपविली, तेव्हा वॉर्सा विद्यापीठाचे दार स्त्रियांना बंद होते. पोलिश तरुण-तरुणी मग आज या घरात तर उद्या त्या घरात लपून वर्ग भरवीत. त्याला ‘फिरते विद्यापीठ’ म्हणत. वर्गाबाहेर बसून शिकलेल्यांच्या आपणा वारसदारांना बंद दाराचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मारिया आणि तिची थोरली बहीण ब्रोन्या, दोघींनाही पॅरिसला जाऊन शिकायचे होते. पैसा एकीपुरताही नव्हता. तेव्हा दोघींनी आपसांत करार केला. ब्रोन्याने आधी जाऊन डॉक्टर व्हावे, मारियाने कमावून तिला पैसे पाठवावेत. नंतर ब्रोन्याने मारियाला बोलावून घ्यावे. अठराव्या वर्षी मारिया वॉर्सापासून दूर श्चुकी नावाच्या खेड्यात एका सधन कुटुंबाच्या मुलांची शिक्षिका म्हणून राहू लागली. कुणीतरी मागे राहून झिजते तेव्हा कुणीतरी पुढे जाऊन शिकते, हे आम्ही माता रमाईच्या चरित्रातून जाणतो. या करारात निराळे एवढेच की पाळी बदलणार होती, आणि ती खरोखरच बदलली.

श्चुकीला ती तीन वर्षांहून अधिक काळ राहिली. कामातून उरलेल्या वेळेत ती शेतमजुरांच्या मुलांना पोलिश लिहा-वाचायला शिकवी. झारच्या राज्यात हा गुन्हा होता. रात्री उशिरापर्यंत ती स्वतः गणित आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास करी. मालकाचा थोरला मुलगा काझिमिएझ सुटीत घरी आला, दोघांचे प्रेम जुळले, लग्नाचा विचार झाला. ज्या आईवडिलांनी तिला घरच्या मुलीसारखे वागविले होते, त्यांनीच घरकाम करणाऱ्या निर्धन मुलीला सून करून घेण्यास नकार दिला. मुलगा आईवडिलांपुढे उभा राहू शकला नाही. तिने अपमान गिळला. नोकरी सोडली नाही, कारण ब्रोन्याचे शिक्षण त्या पगारावर चालले होते.

ब्रोन्याने शब्द पाळला. नोव्हेंबर 1891 मध्ये मारिया पॅरिसला पोहोचली, काही महिने बहीण-मेहुण्यांच्या घरी राहिली आणि पुढे विद्यापीठाजवळ एका माडीवरच्या खोलीत गेली. थंडी, उपासमार आणि अभ्यास यांची ही कथा सर्वांना माहीत आहे. 1893 मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत ती पहिली, तर 1894 मध्ये गणितात दुसरी आली. गणिताच्या वर्षासाठी तिला मायदेशातून 600 रुबलची शिष्यवृत्ती मिळाली होती. संशोधनाचे पहिले मानधन हाती येताच तिने ती सारी रक्कम परत केली, दुसऱ्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याला ती मिळावी म्हणून. परत मागण्याचा नियम नसल्याने देणाऱ्यांना आश्चर्यच वाटले. या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी आम्ही हा प्रसंग मुद्दाम नोंदवीत आहोत.

26 जुलै 1895 रोजी पिएर क्युरी यांच्याशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. धर्मविधी नाही, दागिने नाहीत. लग्नासाठी गडद निळ्या रंगाचा पोशाख निवडला, तोही पुढे प्रयोगशाळेत वापरता यावा म्हणून. सप्टेंबर 1897 मध्ये पहिली मुलगी इरेन जन्मली आणि त्याच महिन्यात सासूबाई वारल्या. सासरे डॉ. युजेन क्युरी मुलाच्या घरी राहावयास आले. येथे आम्ही वाचकांना थोडे थांबण्याची विनंती करतो. 1898 मध्ये क्युरी दांपत्याने आधी पोलोनियम व वर्षाअखेर रेडियम या मूलद्रव्यांचा शोध जाहीर केला. त्या वेळी इरेन जेमतेम सव्वा वर्षाची होती. शोधाच्या त्या दिवसांत मुलीला खेळविणारे, झाडाफुलांची नावे शिकविणारे, आजारपणात जवळ बसणारे हात त्या निवृत्त डॉक्टर आजोबांचे होते. इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येते. आमच्या मते रेडियमच्या शोधात त्यांचाही वाटा आहे.

मेरीबाई घरापासून अलिप्त होत्या असे मात्र नव्हे. मुलीचे वजन, तिचा नवा दात, घरखर्चाचा पैन् पै हिशोब, सारे त्या वहीत टिपून ठेवीत. दुसऱ्या वहीत किरणोत्साराची मोजमापे असत. प्रयोगशाळा म्हणजे गळक्या छपराची एक शेड होती. खनिजाच्या चोथ्याचे कढई-कढईने द्रावण उकळीत, लोखंडी दांड्याने ढवळीत, काही टन मालातून 1902 पर्यंत ग्रॅमच्या दहाव्या भागाइतके रेडियम क्लोराईड हाती आले. शिवाय 1900 पासून सेव्हर येथील मुलींच्या अध्यापक विद्यालयात त्या शिकवीत होत्या, कारण घर चालवायचे होते. शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही.

1903 हे वर्ष आपण त्यांच्या यशाचे म्हणून सांगतो. जूनमध्ये डॉक्टरेट, वर्षअखेर नोबेल. दोहोंच्या मध्ये ऑगस्टमध्ये त्यांचा गर्भपात झाला आणि त्या फार खचल्या. नोबेलसाठी फ्रान्समधून गेलेल्या शिफारशीत त्यांचे नावही नव्हते, फक्त बेकरेल व पिएर यांची नावे होती. एका स्वीडिश गणितज्ञाने हे पिएर यांना कळविले आणि पत्नीचे नाव घातल्याविना हा गौरव अपुरा राहील, अशा आशयाचे उत्तर पिएर यांनी धाडले. तेव्हा कोठे तिसरे नाव आले. डिसेंबर 1904 मध्ये दुसरी मुलगी इव्ह जन्मली.

19 एप्रिल 1906 रोजी, पावसात रस्ता ओलांडताना पिएर घोडागाडीखाली सापडून जागीच गेले. मेरीबाई अडतीस वर्षांच्या होत्या, इव्ह सोळा महिन्यांची. सरकारने देऊ केलेले निवृत्तिवेतन त्यांनी नाकारले. आपण काम करून मुलींना वाढवू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. पिएर यांचे अध्यापन त्यांच्याकडे आले आणि 5 नोव्हेंबर रोजी सोरबॉनच्या इतिहासात प्रथमच एका स्त्रीने व्याख्यान दिले. श्रद्धांजली ऐकण्यास आलेल्या गर्दीसमोर त्यांनी पती जेथे थांबले होते तेथूनच विषय पुढे नेला. घरी मात्र वडिलांचा विषय काढणे त्यांना वर्षानुवर्षे जमले नाही आणि मुली त्या मौनात वाढल्या. ही किंमत मुलींनी मोजली, हे सांगावयास हवे.

आजोबा सुनेच्याच घरी राहिले. इरेनला शाळा आवडेना, तेव्हा मेरीबाईंनी प्राध्यापक मित्रांना जमवून मुलांसाठी स्वतःचीच शाळा काढली. रसायन जाँ पेरँ, गणित पॉल लांजव्हाँ आणि भौतिकशास्त्र स्वतः मेरीबाई शिकवीत. सुमारे दहा मुले, रोज थोडेच तास, उरलेला वेळ हस्तव्यवसाय आणि खेळ. दोन वर्षे ती चालली. सोरबॉनच्या अध्यापनातून व प्रयोगशाळेतून वेळ काढून मुलांना वायुभाराचे प्रयोग दाखविणाऱ्या मेरीबाई आम्हांस पदकधारी मेरीबाईंहून जवळच्या वाटतात.

फेब्रुवारी 1910 मध्ये आजोबा वारले. घरचा आधार गेला आणि पुढचेच वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण ठरले. स्मरणिकांतील चरित्रे असे प्रसंग गाळतात. आम्ही ते करणार नाही. जानेवारी 1911 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने थोड्या मतांनी त्यांना सदस्यत्व नाकारले. नोव्हेंबरमध्ये, पत्नीपासून विभक्त राहणाऱ्या लांजव्हाँ यांच्याशी असलेले त्यांचे प्रेमसंबंध वृत्तपत्रांनी चव्हाट्यावर आणले. लांजव्हाँ यांच्याकडे बोट दाखविणारे कमी होते; परकी बाई, घर मोडणारी बाई, असा सारा भडिमार मेरीबाईंवर झाला. जमावाने घरावर दगड फेकले आणि मुलींना घेऊन त्यांना मित्राच्या घरी आश्रय घ्यावा लागला. त्याच दिवसांत रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. स्टॉकहोमला येऊ नये, असे तेथील एका मान्यवराने सुचविले. पारितोषिक कामासाठी आहे आणि त्याचा खासगी आयुष्याशी संबंध नाही, असे कळवून त्या गेल्या. सोबत इरेन होती आणि ब्रोन्या होती. परतताच त्या अंथरुणाला खिळल्या. मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभराहून अधिक काळ काम जवळजवळ थांबले.

महायुद्धात त्यांनी क्ष-किरण यंत्रे बसविलेल्या मोटारी उभारून आघाडीवर नेल्या. मदतीला सतरा-अठरा वर्षांची इरेन होती. तीच पुढे आईच्या संस्थेत संशोधक झाली, फ्रेडरिक जोलिओ यांच्याशी तिचा विवाह झाला. जानेवारी 1934 मध्ये त्या दोघांनी कृत्रिम किरणोत्सार शोधला, तेव्हा पाहावयास आई हयात होती. इव्ह विज्ञानाकडे वळली नाही. तिने संगीत आणि लेखन निवडले, आणि आईचे चरित्र लिहिले ते तिनेच.

1932 मध्ये वॉर्सा येथे रेडियम संस्था उघडली. तेथील रेडियम मेरीबाईंनी अमेरिकेत जमलेल्या निधीतून मिळविले होते आणि संस्थेच्या पहिल्या संचालक होत्या डॉ. ब्रोन्या. मेरीबाईंचे शरीर मात्र इतक्या वर्षांच्या किरणांनी पोखरले होते. 4 जुलै 1934 रोजी रक्तक्षयाने त्यांचे निधन झाले. पॅरिसजवळील सो या गावी पिएर यांच्याशेजारी त्यांना पुरले, तेव्हा ब्रोन्या आणि भाऊ योझेफ यांनी पोलंडहून आणलेली मूठमूठ माती शवपेटीवर टाकली.