विश्लेषण : युद्धकैदी ते ‘हॅम्लेट’… इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की यांचा प्रवास कसा होता?

सोव्हिएत चित्रपटांतील ‘हॅम्लेट’ म्हटले की रशियात आजही एकच चेहरा आठवतो, तो इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की यांचा. पण हा अभिनेता तिशी ओलांडेपर्यंत जवळपास अज्ञात होता. त्यामागे गुणवत्तेपेक्षा एका भीतीचा वाटा मोठा होता.

युद्धात नेमके काय घडले?

सायबेरियातील तात्यानोव्का या खेड्यात २८ मार्च १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. घरी खाण्याचे हाल, म्हणून क्रास्नोयार्स्कला मावशीकडे वाढले. १९४३ मध्ये सैन्यात भरती होऊन ते कुर्स्कच्या लढाईत उतरले. नीपर नदी ओलांडताना गोळीबारात कागदपत्रे पोहोचवल्याबद्दल त्यांना शौर्यपदक जाहीर झाले. मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झितोमिरजवळ ते जर्मनांच्या हाती सापडले. महिनाभराने कैद्यांच्या तांड्यातून निसटलेल्या या उपाशी तरुणाला एका युक्रेनी कुटुंबाने घरात लपवले. पकडले गेले असते तर त्या कुटुंबाचीही गय झाली नसती. पुढे गनिमी तुकडीतून ते पुन्हा लाल सैन्यात आले आणि युद्ध संपेपर्यंत जर्मनीत पोहोचले.

मग भीती कशाची?

स्टॅलिनच्या १९४१ च्या आदेशाने शत्रूला शरण जाणे म्हणजे गद्दारी ठरवली होती. युद्धकैदेतून परतलेल्यांकडे संशयानेच पाहिले जाई आणि अनेकांची रवानगी छावण्यांत झाली. क्रास्नोयार्स्कच्या नाट्यशाळेतून बाहेर पडल्यावर स्मोक्तुनोव्स्की यांनी अजब वाटावा असा मार्ग निवडला. ते आर्क्टिक वृत्तापलीकडच्या नोरिल्स्क या छावण्यांच्याच शहरातील नाट्यगृहात स्वतःहून गेले. याहून दूर कुठे पाठवणार, असा त्यांचा हिशेब होता! तिथेच ‘स्मोक्तुनोविच’ या आडनावाचे ‘स्मोक्तुनोव्स्की’ झाले. तिथे भेटलेले, स्वतः हद्दपारी भोगणारे अभिनेते गेओर्गी झ्झोनोव्ह यांनी त्यांना मोठ्या शहराकडे जाण्याचा आग्रह धरला. त्यानंतर मखाचकला, ग्रोझ्नी, स्टॅलिनग्राड अशी वर्षे गेली. १९५५ मध्ये ते मॉस्कोत आले, तेव्हा कुठल्याही नाट्यगृहाला त्यांची गरज नव्हती.

दरवाजा कसा उघडला?

‘सोल्दाती’ (१९५६) या युद्धपटातील छोट्याशा भूमिकेमुळे लेनिनग्राडचे दिग्दर्शक गेओर्गी तोवस्तोनोगोव्ह यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. दस्तयेव्स्कीच्या ‘द इडियट’मधील प्रिन्स मिश्किन त्यांना देण्यात आला. तालमी रखडल्या, सहकारी कुजबुजू लागले. स्मोक्तुनोव्स्की यांनी नंतर सांगितल्यानुसार, मिश्किन त्यांना सापडला तो चित्रपट स्टुडिओच्या गर्दीत. तिथे एक माणूस धक्काबुक्कीतही शांतपणे पुस्तक वाचत उभा होता. तो स्टॅलिनच्या छावण्यांत अनेक वर्षे काढून आला होता, हे त्यांना मागाहून कळले. ३१ डिसेंबर १९५७ च्या पहिल्या प्रयोगानंतर या मिश्किनची चर्चा देशभर झाली. आवाज न चढवता प्रेक्षकाला जवळ ओढणारा असा नायक सोव्हिएत रंगभूमीला नवा होता.

‘हॅम्लेट’ आणि नंतर?

ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांचा ‘हॅम्लेट’ १९६४ मध्ये आला. पास्तरनाक यांचा अनुवाद, शोस्ताकोविच यांचे संगीत. व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला, तर दिग्दर्शक आणि अभिनेता दोघांना १९६५ चे लेनिन पारितोषिक. लगेच १९६६ मध्ये एल्दार रियाझानोव्ह यांच्या ‘बिवेअर ऑफ द कार’मध्ये ते भ्रष्ट लोकांच्या मोटारी चोरून पैसे अनाथालयांना देणारा भाबडा विमा एजंट झाले. गंमत म्हणजे हा एजंट हौशी नाटकात हॅम्लेटच करतो आणि त्याच्या मागावरचा पोलीस लेआर्टिस! तो पोलीस रंगवणारे ओलेग येफ्रेमोव्ह यांनीच पुढे १९७६ मध्ये त्यांना मॉस्को आर्ट थिएटरमध्ये आणले. दरम्यान ‘अंकल वान्या’, ‘चायकोव्हस्की’, ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधील तपास अधिकारी पोर्फिरी अशा भूमिका झाल्याच होत्या. तारकोव्हस्कींच्या ‘मिरर’मध्ये तर न दिसणाऱ्या निवेदकाचा केवळ त्यांचा आवाज आहे.

नीपरवरचे ते शौर्यपदक मात्र सुमारे अर्धशतक वाट पाहत राहिले. ते अखेर मॉस्को आर्ट थिएटरच्या रंगमंचावरच त्यांच्या हाती देण्यात आले. ३ ऑगस्ट १९९४ रोजी मॉस्कोजवळच्या एका आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. नोव्होदेविची दफनभूमीत ते विसावले आहेत.